चिखलाचे टायर, डांबराचा रस्ता

कर्नाटकातील मडिकेरी येथे नेमणुकीस असताना कर्जतपासणीसाठी भर पावसाळ्यात कॉफीच्या मळ्यांवर जावे लागे. तेथील चिखलात साधी मोटार रुतून बसे. एका मळेमालकांची फोर व्हील ड्राइव्ह जीप मात्र मड टायरच्या बळावर चढ लीलया चढे. या टायरवरील रबराचे ठोकळे मोठे आणि त्यांमधील खाचा रुंद असतात. चाक फिरताना खाचांतील चिखल बाहेर फेकला जातो आणि ठोकळे पुन्हा जमीन पकडतात.

एकदा परतताना ओल्या डांबरी उतारावर अचानक गाय आडवी आली. ब्रेक दाबूनही जीप घसरत गेली आणि गायीपासून हातभर अंतरावर थांबली. कारण त्या खाचांतच होते: खाचा रुंद, म्हणून रस्त्याला टेकणारे रबर कमी. मळेमालक म्हणाले, "साहेब, डांबरावर हे टायर आवाज करतात, डिझेल जास्त खातात आणि लवकर झिजतात." त्या दिवसापासून डांबर लागताच ते वेग कमी करून पुढील वाहनापासून दुप्पट अंतर राखू लागले.

टायरचा आकारही पाहावा. २१५/७५ आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ बसवल्यास व्यास सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे प्रत्यक्ष वेग स्पीडोमीटरवरील आकड्याच्या तुलनेत तेवढाच वाढतो. असा बदल विमा कंपनीस अवश्य कळवावा.

वर्षाकाठी आपले किती किलोमीटर चिखलात आणि किती डांबरावर जातात, हा ताळेबंद मांडूनच टायर निवडावेत.