आनूप देशातील आरोग्यनिवास आणि वैद्यांचे उत्तरदायित्व

कोकण, गोवा व केरळ येथील समुद्रकिनाऱ्यांवर 'इको रिसॉर्ट' या नावाने आलिशान निवास मोठ्या संख्येने उभे राहिले आहेत. त्यांच्या माहितीपत्रकांत समुद्र, नारळीच्या बागा आणि पंचकर्म यांचा उल्लेख बहुधा एकत्रच असतो. आपल्यापैकी अनेक वैद्य तेथे सल्लागार आहेत आणि अनेक औषधनिर्माते तेथे तेले व काढे पुरवितात. अशा निवासाचा निसर्गाशी प्रत्यक्ष व्यवहार कसा आहे, हे पाहणे केवळ वास्तुविशारदाचे काम आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्राची भूमिका

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन आहे. प्रकृती, आहार, बल, वय भिन्न असलेली माणसेही एकाच काळी रोगग्रस्त होतात, कारण वायू, उदक, देश व काल हे चार भाव सर्वांना समान असतात. या भावांच्या वैगुण्याचे मूळ आचार्यांनी अधर्मात आणि त्याही मागे प्रज्ञापराधात सांगितले आहे. कल्पस्थानात समुद्रकाठचा, नारळी-केळींचा प्रदेश आनूप व कफवातप्रधान म्हणून वर्णिला आहे. म्हणजे किनाऱ्यावर चिकित्सा करणाऱ्याने रुग्णाबरोबर देशाचीही परीक्षा करावयाची आहे.

उदक : आमचा एक अनुभव

काही वर्षांपूर्वी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका नियोजित रिसॉर्टसाठी पंचकर्म विभागाचा आराखडा आम्ही करून दिला. द्रोणी, स्वेदनपेटी, बस्तिकक्ष या सर्वांची मापे दिली. सांडपाणी कोठे जाणार, हे मात्र विचारले नाही. पुढील वर्षी वैशाखात तेथे गेलो असता शेजारच्या वाडीतील एका वृद्ध बाईंनी विहिरीतून काढलेली कळशी आमच्यापुढे ठेवली. पाण्यावर तवंग होता. "डॉक्टरानु, हो वास तुमच्याच तेलाचो मां?" असे त्यांनी विचारले. वास आमच्या परिचयाचाच होता. त्यांना उत्तर देणे आम्हांस जड गेले.

कारण शोधण्यास वेळ लागला नाही. स्नानगृहातील तेलयुक्त पाणी थेट सेप्टिक टाकीत जात होते. तेल पाण्यावर तरंगते, त्याचा थर जाड होतो, तो शोषखड्ड्यात जाऊन मातीची छिद्रे बुजवितो. मग न मुरलेले पाणी वाट मिळेल तिकडे सरकते. कोकणातील जांभा सच्छिद्र व भेगाळ असल्याने ही वाट विहिरीपर्यंत सहज पोहोचते. सर्वांगधारेसारख्या एका उपक्रमात काही लिटर तेल लागते, हे लक्षात घेतल्यास प्रश्नाचे गांभीर्य कळेल. पुढे तेथे तेल अडविणारे कुंड बांधले गेले. तथापि, जे आरंभीच विचारावयाचे ते आम्ही विहीर बिघडल्यावर विचारले, हा दोष आमचा.

उपशाचा प्रश्न याहून मोठा आहे. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. सर्वसाधारण गणित असे की, समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडे पाणी असल्यास तिच्याखाली सुमारे ४० मीटरपर्यंत त्याचा साठा टिकतो. उपशामुळे वरची पातळी थोडी जरी उतरली, तरी खालून खारे पाणी त्याच्या अनेक पटींनी वर चढते. तरणतलाव व हिरवळीसाठी चालणाऱ्या बोअरवेलची किंमत अशा रीतीने वाडीतील विहिरी मोजतात.

कायदा आणि केरळचे दोन धडे

१९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध ठरविले होते. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात हे अंतर ५० मीटर केले. कायद्यातील अंतर घटले म्हणून भूजलाचा नियम बदलत नाही, हे ध्यानात ठेवावे.

केरळातील वेंबनाड सरोवराच्या नेडियतुरुत्तु बेटावरील एक आलिशान रिसॉर्ट किनारा नियमनाचा भंग केल्याबद्दल पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये कायम केला व २०२२ मध्ये पाडकाम सुरू झाले. त्याच सरोवराकाठी कुमरकोम येथे जबाबदार पर्यटनाच्या उपक्रमातून हॉटेलांनी भाजीपाला स्थानिक शेतकरी व कुडुंबश्रीच्या महिला गटांकडून घेण्यास आरंभ केला. एकाच पाण्याच्या काठी दोन्ही मार्ग दिसतात.

काल आणि द्रव्य

पर्यटनाचा हंगाम व शोधनाचा काल एक नव्हे. वमन वसंतात, बस्ती वर्षा ऋतूत, विरेचन शरदात विहित आहे. स्नेहपानास ३ ते ७ दिवस व शुद्धीनुसार संसर्जनक्रमास ३ ते ७ दिवस लागतात. चार दिवसांच्या 'पॅकेज'मध्ये अभ्यंग-स्वेदन होऊ शकते. त्यास शोधन म्हणू नये. आनूप देशात अग्नी मंद असता स्नेहाची मात्रा वाढवीत जाणे हेही हितावह नाही.

औषधनिर्मात्यांनी द्रव्यांचा विचार करावा. दशमुळातील बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, पाटला व गंभारी हे वृक्ष आहेत. त्यांची मुळे काढणे म्हणजे बहुधा वृक्षच गमावणे होय. तेलाची मागणी वाढत असताना मुळे लागवडीतील की जंगलातील, हे न विचारता खरेदी केल्यास पुढील पिढीस दशमूळ केवळ ग्रंथातच आढळेल.

करारापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. पाणी कोठून येते, आणि शेजारील विहिरींची चव व पातळी उन्हाळ्यात कोणी तपासते काय?

२. अभ्यंगानंतर स्नानापूर्वी मुगाच्या पिठाने तेल पुसून घेण्याची, ते पीठ व वापरलेले तेल वेगळे साठविण्याची सोय आहे काय?

३. स्नानगृह व सेप्टिक टाकी यांच्यामध्ये तेल अडविणारे कुंड असून ते नियमित साफ होते काय?

४. काढ्याच्या चोथ्याचे खत होते, की तो खाडीत जातो?

५. परिचारक स्थानिक असून प्रशिक्षित आहेत काय?

६. चिकित्सेचा अवधी वैद्य ठरवितो की आरक्षण कक्ष?

या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत व ती समाधानकारक नसल्यास आपले नाव माहितीपत्रकावर छापू देऊ नये. एका अतिथीचे आरोग्य साधताना वाडीचे उदक दूषित होत असेल, तर त्या कर्मास चिकित्सा म्हणण्याचा अधिकार आपणांस राहत नाही, असे आमचे नम्र मत आहे.