पुढे-मागे डोकावणारा रेजेक्स: ७ झटपट गोष्टी

ढीगभर मजकुरातून नेमकं हवं तेवढंच वेचायचं, तर रेग्युलर एक्स्प्रेशनला, म्हणजेच रेजेक्सला, तोड नाही. आणि त्याची खरी कमाल दिसते ती लुकअहेड (पुढे डोकावणं) आणि लुकबिहाइंड (मागे डोकावणं) यांत!

१. बघतो, पण घेत नाही
[०-९]+(?= रुपये) हा पॅटर्न ‘२५० रुपये, ४०० ग्रॅम’मधून फक्त २५० उचलतो. पुढे ‘रुपये’ आहे ना, एवढी खात्री करतो. तो शब्द उत्तरात येत नाही. म्हणूनच या तपासणीची रुंदी शून्य.

२. चार भावंडं
(?=) पुढे हवंच, (?!) पुढे नकोच, (?<=) मागे हवंच, (?<!) मागे नकोच. < दिसलं की नजर मागे.

३. नकाराचा चकवा
[०-९]+(?! रुपये) लावलं की ‘२५० रुपये’ वगळलं जाईल? छे, २५ हाती लागतात! इंजिन एक आकडा सोडून देतं. आता पुढे ‘०’ असतो, ‘रुपये’ नाही. उपाय: (?![०-९]| रुपये).

४. लाख-कोटींचे स्वल्पविराम
(?<=[०-९])(?=([०-९][०-९])*[०-९][०-९][०-९]$) हा पॅटर्न एकही अक्षर पकडत नाही, फक्त मोकळ्या जागा शोधतो. तिथे स्वल्पविराम घातला की १२३४५६७ चे झाले १२,३४,५६७!

५. मागे बघायला उशीर
जावास्क्रिप्टच्या मानकात लुकअहेड १९९९ मध्ये आलं, लुकबिहाइंड थेट २०१८ मध्ये. सफारीत ते चालू व्हायला २०२३ उजाडलं. पायथॉनच्या ‘री’ मॉड्यूलला लुकबिहाइंडची लांबी आधीच ठरलेली लागते. डॉटनेटला अशी अट नाही.

६. इथे प्रवेश नाही
गूगलचं आरई२, गो भाषेचं रेजेक्स पॅकेज आणि रस्टची नेहमीची रेजेक्स लायब्ररी लुकअहेड आणि लुकबिहाइंड या दोघांनाही घेत नाहीत. मजकूर वाढेल त्या प्रमाणातच वेळ वाढावा, ही हमी त्यांना मोडायची नाही.

७. मराठीसाठी रामबाण
पायथॉनचं ‘री’ काना-वेलांटीला शब्दातलं अक्षर मानत नाही. त्यामुळे शब्दसीमा लावून ‘मन’ शोधलं, तरी ‘मनी’तलंही सापडतं! मग शब्दामागे (?<!) आणि पुढे (?!) लावून दोन्हींत देवनागरी अक्षरं आणि चिन्हं भरायची. ‘मनी’ गळतं, सुटं ‘मन’ तेवढं उरतं. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही जोडी हाताशी ठेवावीच.