बाथरूमखालचा तडकलेला पाइप

खालच्या मजल्यावरच्या खालांच्या छताला ओल आली, तेव्हा आम्ही पावसाला दोष देऊन मोकळे झालो. पावसाळा सरला, पण डाग वाढतच गेला आणि थेंब त्यांच्या शिलाई मशीनवर पडू लागले. याच मशीनवर त्यांचे घर चालते. खाला भांडल्या नाहीत; मशीन मुकाट्याने दुसऱ्या खोलीत सरकवले. आम्हाला त्याचीच जास्त शरम वाटली.

पहिल्या कारागिराने फरशांच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरले. पैसे गेले, थेंब राहिले. दुसऱ्याने आधी दुखणे शोधले. एक दिवस बाथरूम कोरडे ठेवायला लावले, थेंब थांबले. नळाची लाइन फुटली असती तर गळती चालूच राहिली असती. मग बादलीभर पाण्यात नीळ कालवून ते फरशीवर न सांडता थेट नहाणी ट्रॅपमध्ये ओतले. थोड्या वेळाने खाली निळसर थेंब पडला. दोष सांडपाण्याच्या पाइपातच होता.

ट्रॅपभोवतीच्या फरशा काढून भराव उकरला. पाइपाखाली वाळू नव्हती. विटेचा टोकदार तुकडा टेकला होता आणि तिथेच ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप तडकला होता. वर आम्ही त्यात उकळते पाणीही ओतत असू. पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतो, हे तेव्हा कळले.

वरून पुट्टी लावली तर चालेल का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "सर, चार महिने चालेल. पुन्हा फरशी फोडाल?" चीर दिसते त्याहून लांब असते, म्हणून त्याने दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सोडून पाइप कापला. कडा पॉलिश पेपरने घासून, पुसून कोरड्या केल्या. नवा तुकडा बसवून दोन सरकते कपलर सॉल्व्हंट सिमेंटने जोडले. हे सिमेंट प्लास्टिकचा वरचा थर विरघळवून दोन्ही भाग एकजीव करते. ओलाव्यावर मात्र सांधा कच्चा राहतो. उतार मीटरमागे दोन-अडीच सेंटीमीटर ठेवला.

भराव टाकण्याआधी पाइपाचे बाहेरचे तोंड बंद करून पाणी भरले. तासाभरात पातळी हलली नाही. मगच पाइपाखाली-वर वाळू, त्यावर भराव आणि वॉटरप्रूफिंग झाले. फरशी बसवण्यापूर्वी चोवीस तास पाणी तुंबवून ठेवले. खालांनी स्वतः छत पाहून "सुके आहे" असे सांगितले, तेव्हा कुठे फरशी बसली.

त्या दिवसांत आमच्या आंघोळीसाठी आणि वुजूसाठी खालांनीच आपले दार उघडे ठेवले होते. आता त्यांचे मशीन पुन्हा जुन्या जागी आले आहे. छताला रंग आम्ही लावून दिला.

आपल्या बाथरूमचे पाणी कुठे मुरते, हे आपल्याला वरून दिसत नाही. खालच्या शेजाऱ्याने एकदा सांगितले, की त्याच दिवशी नीळ कालवा.