खिडकीतून शिंजिराचा फोटो

आपल्या यवतमाळकडे पळस फुलला की शिंजीर शेताशेतात दिसतो. एक जोडी मात्र आमच्या अंगणातल्या जास्वंदीवर येते. चिमणीहून लहान, चोच बाकदार. आजीला आवाज येतो, पण दूरचं दिसत नाही. म्हणून बाबांच्या मोबाईलवर फोटो काढायचं ठरवलं.

संध्याकाळचे फोटो वाया गेले. ऊन समोरून, म्हणून नर कोळशासारखा काळा आला. त्याच्या पिसांची जांभळी-निळी झाक ऊन पडलं तरच चमकते. झूम केलं तर चित्र पुसट! साध्या मोबाईलचा झूम पक्षी जवळ आणत नाही, फोटोचा तुकडाच मोठा करतो. मग रविवारी सकाळी १० वाजता, ऊन घरामागून अंगणात आलं तेव्हा, खिडकीला पोतं बांधलं, भोकातून मोबाईल धरला अन् हात चौकटीला टेकवले. ४० फोटोंत २ बरे निघाले.

सुधारण्याआधी मूळ फोटो वेगळा ठेवला. कडा कापल्या, उजेड थोडा वाढवला. गळ्याचा जांभळा रंग दिसू लागला. मग मोह झाला. रंग इतका वाढवला की पाखरू जणू शाईत बुडवलं. आजी म्हणाली, "हे तं आपलं पाखरू नाही बाप्पा!" रंग परत कमी केला. तेव्हा तिने मोबाईल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिलं अन् विचारलं, "याची मादी कुठं आहे?"

मादी वरून तपकिरी, खालून पिवळसर. सध्या ती चोचीत कोळ्याचं जाळं नेते, म्हणजे घरटं बांधत असावी. घरट्याजवळ मी जाणार नाही. माणूस सारखा दिसला तर पक्षी घरटं सोडूही शकतात. ती जास्वंदीवर बसेपर्यंत आजीला थांबावं लागेल.