पार्क चौकोनी, पाणी मातकट : न्यूयॉर्ककरांनी नावं ठेवलेला सबवेचा नकाशा लोकांच्या हॉलमध्ये कसा पोहोचला?

घर सजावटीचे फोटो बघताना ही फ्रेम तुमच्या नजरेस पडली असेल. पांढऱ्या कागदावर लाल, निळ्या, हिरव्या, नारिंगी अशा जाड रेघा आणि त्या रेघांवर काळे ठिपके. लांबून मॉडर्न आर्ट वाटतं, जवळ गेल्यावर स्टेशनांची नावं दिसतात.

हा न्यूयॉर्क सबवेचा १९७२ चा नकाशा. इटालियन डिझायनर मॅसिमो विग्नेली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. आज तो तिथल्याच म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. गंमत म्हणजे ज्या प्रवाशांसाठी तो काढला, त्यातल्या कित्येकांनी त्याच्या नावानं बोटं मोडली होती.

असं का झालं हे समजायला आधी लंडनला जावं लागेल. तिथल्या भुयारी रेल्वेत हॅरी बेक नावाचा ड्राफ्ट्समन होता. १९३१ मध्ये त्यानं एक वेगळाच नकाशा काढला. त्याचं म्हणणं साधं होतं. जमिनीखालून जाणाऱ्या माणसाला अंतराशी देणंघेणं नसतं. त्याला फक्त कुठं चढायचं, कुठं गाडी बदलायची आणि कुठं उतरायचं एवढंच हवं असतं. म्हणून बेकनं सगळ्या लाईनी आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशात तिरक्या केल्या. गर्दीचा मधला भाग ताणला, लांबची उपनगरं जवळ ओढली. आधी साहेबांनी नकार दिला, पण १९३३ मध्ये नकाशा छापला आणि प्रवाशांनी तो उचलून धरला. मुंबईच्या लोकलमध्ये दारावर स्टेशनांची जी सरळ पट्टी असते, तिचंही तत्त्व हेच. चर्चगेट ते विरार रूळ काही पट्टीनं आखल्यासारखे जात नाहीत, पण त्यानं कुणाचं अडत नाही.

विग्नेलीनं हेच तत्त्व न्यूयॉर्कला लावलं आणि टोकाला नेलं. प्रत्येक गाडीला स्वतंत्र रंगाची रेघ. गाडी थांबते तिथं ठिपका, थांबत नसेल तर ठिपका नाही. चार गाड्या एकाच मार्गानं जात असतील तर चार रेघा शेजारी शेजारी. आज भिंतीवर जे रंगीत पट्टे उठून दिसतात ते इथूनच आले. म्हणजे सजावट म्हणून कुणी ते काढले नव्हते, ती माहिती होती.

अडचण अशी की लंडनच्या वाकड्यातिकड्या गल्ल्या कुणाच्या डोक्यात नकाशासारख्या बसलेल्या नसतात. न्यूयॉर्कमध्ये, निदान मॅनहॅटनमध्ये तरी, रस्त्यांना ओळीनं नंबर आहेत. कुठला रस्ता कुठल्या बाजूला हे तिथल्या माणसाला पाठ असतं. सेंट्रल पार्क साधारण ४ किलोमीटर लांब आणि ८०० मीटर रुंद. नकाशात तो जवळजवळ चौकोन झाला, तोही हिरवा नाही तर राखाडी. पाणी निळ्याऐवजी मातकट. ब्रॉडवेवरचं ५०व्या रस्त्याचं स्टेशन खरं तर एट्थ अव्हेन्यूच्या पूर्वेला, नकाशात मात्र पश्चिमेला. नकाशावर भरवसा ठेवून वर येणारा माणूस उलट्या दिशेनं चालू लागणार!

विग्नेलीची बाजूही ऐकायला हवी. त्याच्या योजनेत हा नकाशा एकटा नव्हता. सोबत शहराचा भौगोलिक नकाशा आणि स्टेशनच्या आसपासच्या भागाचा नकाशाही लागणार होता. प्रत्यक्षात प्रवाशांच्या हाती एकच आला. पुढं त्यानं असंही सांगितलं की पार्क आणि पाणी दाखवायलाच नको होतं, म्हणजे तुलनाच झाली नसती. हे पटण्यासारखं आहे. अर्धवट भूगोल दाखवला की लोक उरलेला अर्धा शोधणारच.

१९७८ मध्ये कूपर युनियन या कॉलेजात यावर जाहीर वाद झाला. एका बाजूला विग्नेली, दुसऱ्या बाजूला नकाशा समितीचा प्रमुख जॉन टॉरॅनॅक. वर्षभरात विग्नेलीचा नकाशा गेला आणि १९७९ मध्ये रस्ते, बागा, निळं पाणी दाखवणारा नवा नकाशा आला.

स्टेशनवरून उतरला आणि या नकाशाचं नशीब पालटलं. हॉलमधल्या भिंतीला कुणी रस्ता विचारत नाही, त्यामुळं पार्क चौकोनी असला तरी कुणाची गाडी चुकत नाही. उरतात फक्त रंग, रेघा आणि ‘मी या शहरात राहिलोय’ ही आठवण. २००८ मध्ये एका मासिकासाठी विग्नेलीनं सुधारित आवृत्ती केली. सही केलेल्या ५०० प्रती हातोहात संपल्या. त्यात बागा अजिबात नव्हत्या.

आणि एप्रिल २०२५ मध्ये तर न्यूयॉर्कच्या वाहतूक संस्थेनं १९७९ चा नकाशा बाजूला करून पुन्हा सरळ रेघांचा, विग्नेलीच्या वळणाचा नकाशा गाड्यांमध्ये आणला. यावेळी पाणी निळं ठेवलंय.

फ्रेम घ्यायचा विचार असेल तर एक सांगायला हवं. १९७२ ते १९७९ दरम्यान या नकाशाच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या, त्यामुळं छापील वर्ष बघा. खिशात ठेवायचा जुना नकाशा घडीचा असायचा. ‘ओरिजिनल’ म्हणून मिळणाऱ्या अशा कागदावर घडीची एकही खूण नसेल, तर पैसे देण्याआधी विक्रेत्याला दोन प्रश्न जास्त विचारा. नुसती भिंत सजवायची असेल तर नवी प्रत काय वाईट? त्यातही पार्क चौकोनीच असतो.