प्रमाणें दोनच कां?

‘हें तुला कशावरून समजलें?’ असें वर्गांत विचारलें कीं बहुधा उत्तर येई, ‘पुस्तकांत दिलें आहे, गुरुजी.’ एकदां एका मुलानें उलट विचारलें, ‘आणि पुस्तकांतच चुकलें असेल तर?’ मीं त्यास उद्धट ठरवून खालीं बसविलें. निवृत्तीनंतर बौद्ध न्यायाचा थोडा परिचय झाला, तेव्हां तो मुलगा मला पुन्हां आठवला.

यथार्थ ज्ञानाच्या साधनास आपले शास्त्रकार ‘प्रमाण’ म्हणतात. नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानतात. इसवी सनाच्या ५ व्या-६ व्या शतकांतील बौद्ध आचार्य दिङ्नाग यानें ‘प्रमाणसमुच्चय’ ग्रंथांत त्यांपैकीं पहिलीं दोनच स्वीकारलीं. पुढें धर्मकीर्तीनेंही तींच कायम ठेविलीं. कारण, त्यांच्या मतें जाणण्याचे विषयच दोन. एक ‘स्वलक्षण’, म्हणजे या क्षणीं समोर असलेली एकमेव वस्तु. दुसरें ‘सामान्यलक्षण’, म्हणजे अनेक वस्तूंस लागू पडणारें, बुद्धीनें कल्पिलेलें रूप. समोर पिवळें कांहीं नुसतें दिसतें, तोंवर तें प्रत्यक्ष. ‘हा आंबा’ असें म्हटलें कीं त्यांत कल्पना मिसळली.

अनुमानासही कडक शिस्त आहे. धुरावरून डोंगरावर अग्नि आहे असें म्हणावयाचें, तर तीन गोष्टी हव्यात: धूर त्या डोंगरावर खरोखर असावा, स्वयंपाकघरासारख्या अग्नि असलेल्या ठिकाणीं तो आढळलेला असावा, आणि तळ्यासारख्या अग्नि नसलेल्या ठिकाणीं तो कधींही आढळूं नये. धुक्यास धूर समजल्यास सारेंच अनुमान कोसळतें. धर्मकीर्ति आणखी बजावतो कीं, दोन गोष्टी दहादां एकत्र पाहिल्या एवढ्यानें भागत नाहीं. धूर अग्नीपासूनच उत्पन्न होतो, असा कार्यकारणसंबंध येथें हवा.

मग शब्दाचें काय? थोरांचें वचन हे आचार्य टाकून देत नाहींत. परंतु शब्दावरून कळतें तें बोलणाराचें मनोगत. वस्तु तशीच आहे कीं नाहीं, हें त्यावरून ठरत नाहीं. वचन विश्वसनीय आहे असें म्हणण्यासही कांहीं आधार लागतो, आणि तो आधार शोधणें म्हणजे अनुमानच होय. म्हणून शब्द हें स्वतंत्र प्रमाण नव्हे.

श्रोतेहो, मुलांनीं पुस्तकें वाचूं नयेत, असा याचा अर्थ मुळींच नाहीं. पण तुमच्या घरांतील एखादें मूल ‘हें कशावरून?’ असें विचारील, तेव्हां त्यास खालीं बसवूं नका. मीं केलेली चूक तुमच्या हातून न घडो.