किती औषध पुरे? कॅन्सरवरच्या अँटिबॉडी आणि पहिल्या टप्प्याच्या चाचण्या

पालघर जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात, जव्हार-मोखाड्यात, ‘टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. जामसरच्या आरोग्य केंद्रात तोंडातली जखम दाखवायची, जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात चिठ्ठी घ्यायची, मग आणखी एखादं मोठं रुग्णालय आणि शेवटी मुंबईत परळचं टाटा कर्करोग रुग्णालय. परळला पोचेपर्यंत आजार पुष्कळदा पसरलेला असतो. अशा वेळी डॉक्टरांनी एखाद्या नव्या औषधाच्या चाचणीचं नाव काढलं, की घरच्यांचे दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, ‘गरिबावर प्रयोग करणार.’ दुसऱ्याचं, ‘नवं इंजेक्शन आलंय, आता उठून बसेल.’ दोघंही चुकतात. पण दुसऱ्याची चूक जास्त महागात पडते, कारण तिला कोणी हटकत नाही.

हे नवं इंजेक्शन पुष्कळदा अँटिबॉडीचं असतं. अँटिबॉडी म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी बनवतात ती प्रथिनं. प्रयोगशाळेत एकाच लक्ष्याला चिकटणारी, एकसारखी अँटिबॉडी हवी तेवढी बनवण्याची रीत कोहलर आणि मिलस्टाइन यांनी 1975 मध्ये दाखवली. कॅन्सरवरची अशी पहिली औषधं, रिटुक्सिमॅब आणि ट्रास्टुझुमॅब, 1997 आणि 1998 मध्ये बाजारात आली. ही किमो नव्हे. सलाईनमधूनच जातात म्हणून घरच्यांना ती किमोच वाटतात, एवढंच.

पहिल्या टप्प्याच्या चाचणीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा, की तिथे ‘औषध लागू पडतं का’ हे पाहतात. तेही पाहतात, पण मुख्य प्रश्न वेगळा असतो: माणसाला हे औषध किती द्यावं, आणि किती दिल्यावर ते सोसवत नाही. जुनी, अजूनही चालणारी पद्धत तीन-तीन रुग्णांची आहे. तिघांना अगदी लहान डोस देतात आणि साधारण तीन-चार आठवडे थांबतात. कोणालाच गंभीर त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना वरचा डोस. एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघे. दोघांना झाला की चढणं बंद. म्हणजे आधी आलेल्या रुग्णाला डोस कमी मिळतो, नंतरच्याला जास्त, आणि कोणत्या पायरीवर आपली पाळी येईल हे रुग्णाच्या हातात नसतं. ‘अर्ध्या लोकांना नुसतं पाणी देतात’ ही समजूत मात्र इथे बहुधा लागू होत नाही. कॅन्सरच्या पहिल्या टप्प्यात सहसा सगळ्यांनाच औषध मिळतं.

मग फायदा किती? अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या मदतीने 1991 ते 2002 या काळात झालेल्या 460 पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांचा हिशेब 2005 मध्ये छापून आला. सुमारे 12 हजार रुग्णांपैकी 10.6 टक्क्यांची गाठ लक्षणीय आक्रसली, आणि औषधाच्या विषारीपणाने 0.49 टक्के दगावले. 2000 नंतरच्या दोन दशकांचा हिशेब 2022 मध्ये आला. त्यात औषधामुळे झालेले मृत्यू 0.7 टक्के होते, आणि गाठ आक्रसण्याचं प्रमाण 9.6 वरून 18 टक्क्यांपर्यंत चढलेलं होतं. गाठ आक्रसणं म्हणजे बरं होणं नव्हे, हे इथे ठळक लिहायला हवं. तरी ‘मरायलाच नेतात’ हे या आकड्यांत बसत नाही आणि ‘आता उठून बसेल’ हेही बसत नाही.

भीती हवेतून आलेली नाही, हेही खरं. 13 मार्च 2006 रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात टीजीएन 1412 नावाची अँटिबॉडी सहा धडधाकट तरुणांना काही मिनिटांच्या अंतराने टोचली गेली. प्राण्यांना सोसलेल्या डोसच्या पाचशेव्या हिश्शाइतकीच ती होती. तरीही दीड तासाच्या आत सहाही जण कोसळू लागले, अवयव बंद पडत गेले. सगळे वाचले, एकाने पायाची बोटं गमावली. चूक फक्त डोसची नव्हती, घाईचीही होती: पहिल्याचं काय होतंय हे कळण्याआधी दुसऱ्याला टोचलं गेलं. त्यानंतर युरोपात नियम कडक झाले. नव्या अँटिबॉडीचा पहिला डोस आता शरीरात जेमतेम परिणाम दिसेल इतका लहान धरतात, आणि एकाला देऊन थांबतात.

भारतातही 2009 मध्ये एक प्रकरण घडलं, तेही आदिवासी मुलींच्या बाबतीत. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस देण्याच्या प्रकल्पात पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचं उघड झालं. त्या काळात झालेले मृत्यू लशीने झाल्याचं चौकशीत सिद्ध झालं नाही. संमती घेण्याच्या पद्धतीवर मात्र संसदीय समितीने 2013 मध्ये कडक ताशेरे ओढले. म्हणून ‘सही कशावर घेतली?’ हा जामसरच्या माणसाचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे, अगदी बरोबर जागेवरचा आहे.

भारतात चाचण्यांना आज लागू असलेले नियम मार्च 2019 चे. संमतीपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत हवं. वाचता येत नसेल तर अंगठ्याबरोबर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. अगदी नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल गटातल्या रुग्णाला समजावून सांगतानाचं चित्रीकरणही ठेवावं लागतं. सही केली म्हणजे बांधले गेलो, असं नाही. केव्हाही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, भरपाई वेगळी. आणि ‘परदेशी कंपन्या पहिल्यांदा इथेच करून पाहतात’ या तक्रारीचं उत्तरही नियमात आहे: बाहेर शोधलेल्या औषधाची तिथल्या पहिल्या टप्प्याची माहिती दिल्यावरच इथे तो टप्पा पुन्हा करण्याची किंवा पुढे जाण्याची परवानगी मिळू शकते. चाचणी खरी की खोटी, हे केंद्र सरकारच्या चाचणी-नोंदणी संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतं; 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे. अर्थात कागदावरची मराठी आणि घरातली वारली किंवा कोकणा बोली यांतलं अंतर नियम भरून काढत नाही. तिथे शांतपणे बसून समजावणारं माणूसच लागतं.

आता मूळ प्रश्न, किती द्यावं. ‘जास्त औषध म्हणजे जास्त गुण’ हा हिशेब किमोच्या काळात बराचसा चालला, अँटिबॉडीला तो तसाच लावता येत नाही. निव्होलुमॅब हे औषध संरक्षक पेशींवरच्या पीडी-1 या जागेला चिकटून बसतं, आणि कॅन्सरने दाबून ठेवलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात. त्याच्या पहिल्या टप्प्याचा अहवाल 2010 मध्ये आला. 39 रुग्ण, वजनाच्या किलोमागे 0.3 ते 10 मिलिग्रॅम डोस. न सोसवणारा डोस सापडलाच नाही. आणि पेशींवरच्या भरलेल्या जागांचं प्रमाण लहान आणि मोठ्या डोसला साधारण सारखंच निघालं. पंगतीतले पाट भरले की नंतर आलेले पाहुणे उभेच राहतात, तसं. तरीही बाजारात आलेला डोस मोठाच ठरला, पुढे दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम, आणि किंमत बहुतेक भारतीय घरांच्या आवाक्याबाहेर.

परळच्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. त्यांचा अभ्यास तिसऱ्या टप्प्याचा होता, पण बीज पहिल्या टप्प्यातलं. डोक्या-मानेचा, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः तंबाखूने होणारा, पसरलेला कॅन्सर असलेले 151 रुग्ण घेतले. निम्म्यांना स्वस्त गोळ्यांचा तिहेरी उपचार, निम्म्यांना त्यासोबत तीन आठवड्यांतून एकदा फक्त 20 मिलिग्रॅम निव्होलुमॅब. तेवढ्याच आठवड्यांत पडणाऱ्या नेहमीच्या डोसचा हा अठरावा हिस्सा. 50 किलोच्या माणसाला तो किलोमागे 0.4 मिलिग्रॅम पडतो, म्हणजे 2010 च्या सर्वांत खालच्या पायरीच्या जरा वर. वर्षाअखेर पहिल्या गटात 16.3 टक्के जिवंत होते, दुसऱ्यात 43.4 टक्के. मध्यक आयुर्मान 6.7 महिन्यांवरून 10.1 महिन्यांवर गेलं. गंभीर त्रासाचं प्रमाण वाढलं नाही. हा निकाल 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. जवळजवळ साडेतीन महिने म्हणजे फार नव्हे, असं बाहेरच्या माणसाला वाटू शकतं.

बाहेरच्या औषधाचा पहिला टप्पा आधी बाहेर झालेला असतो; भारतात शोधलेल्या उपचाराचा मात्र तो भारतातच होऊ शकतो. आयआयटी मुंबई आणि टाटा यांची कार-टी पेशींची (रुग्णाच्याच संरक्षक पेशी बदलून कॅन्सरवर सोडण्याची) उपचारपद्धती खारघरला तपासली गेली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये मंजूर झाली. तिच्या पेशींचा शत्रू ओळखणारा भाग अँटिबॉडीपासूनच घेतलेला आहे.

‘सगळं संपल्यावर चाचणीत घालतात’ हाही एक गैरसमज. आजार पुढच्या अवस्थेतला असला तरी रुग्ण हिंडता-फिरता, यकृत-मूत्रपिंड ठीक असलेला लागतो. अंथरुणाला खिळलेल्याला घेत नाहीत. शिवाय सुरुवातीला तासातासाला रक्त तपासणं, आठवड्याला हजेरी. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला हे जमत नाही. म्हणून प्रवासखर्च कोण देणार आणि मुक्काम कुठे, हे सहीच्या आधी विचारावं.

राहता राहिला, ‘अँटिबॉडीचा त्रास नसतो’ हा समज. केस सहसा जात नाहीत, हे खरं. पण निव्होलुमॅबसारख्या औषधाने मोकळी झालेली संरक्षक यंत्रणा आतडं, फुप्फुस, थायरॉइड, यकृत यांवरही उलटू शकते, तेही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, रुग्ण गावी परतल्यावर. पावसाळ्यात जामसरच्या केंद्रात जुलाबाचे रुग्ण येतातच. त्यातल्या एकाने कधीकाळी असं इंजेक्शन घेतलं असेल, तर नुसती मीठ-साखरेची पुडी आणि नेहमीच्या गोळ्या पुरत नाहीत; स्टेरॉइड लागू शकतं, आणि उशीर झाला तर आतड्याला भोक पडू शकतं. औषधाचं नाव आणि रुग्णालयाचा फोन लिहिलेलं कार्ड अशा रुग्णाच्या खिशात हवं, आणि ते त्याने आशाताईला, केंद्रातल्या डॉक्टरला स्वतःहून दाखवायला हवं. धाप, न थांबणारा खोकला, कावीळ, विलक्षण थकवा यांनाही हाच नियम.